वाऱ्याच्या तोंडावरचा कूड

मित्रांनो, जवळ या, पण अगदी अंगाला खेटू नका. मी एक जुना कूड आहे, आणि तोही जवाशाच्या काट्यांचा. माझ्यावरून मायेनं हात फिरवायची आजवर कोणाची छाती झालेली नाही, आणि मला त्याची खंतही नाही. बोलणंही माझं जरा टोचणारं आहे. काय करणार, अंगातच आहे ते.

सिस्तान नावाच्या वाळवंटी मुलखात, हामून सरोवराच्या काठच्या एका मातीच्या घरात, उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीत मला बसवलं. तुमच्याकडे वाळ्याचे पडदे लावतात म्हणे, पाणी मारलं की घमघमतात. माझ्याकडून सुगंधाची अपेक्षा करू नका. आमच्याकडे उन्हाळा लागला की उत्तरेचा वारा सुटतो, तो चार महिने थांबायचं नाव घेत नाही. अशा वाऱ्याशी भांडून चालत नाही. त्याला घरात घ्यावंच लागतं, पण नीट गार करून. ते माझं काम. बाहेरून माझ्यावर पाणी मारायचं, ओल्या काट्यांमधून गाळून वारा आत जायचा, आणि बाहेर जीव नकोसा झालेला असताना आत माणसं पांघरूण शोधायची.

मला घडवलं शाहमुराद आणि साहेबजान ह्या नवरा-बायकोनं. लग्न नवंच होतं आणि साहेबजानला दिवस गेले होते. शाहमुरादनं रानातून हिरवा जवासा कापून आणला, झाऊच्या फांद्यांची दुहेरी चौकट बांधली आणि मधल्या फटीत काटे कोंबायला लागला. दुपारपर्यंत त्याची बोटं रक्तानं माखली.

"बायको गारव्यात लोळणार आणि मी इथे रक्त आटवणार," तो कुरकुरला.

"मग तुम्ही बाहेर झोपा की. अडवलंय कोणी?" साहेबजान म्हणाली आणि त्याच्या बोटाला चिंधी बांधू लागली.

तिची सासू उंबऱ्याशी बसून हे सगळं बघत होती. काम झाल्यावर म्हातारी उठली आणि तिनं सुनेच्या हातात झाऊची एक सरळ काठी ठेवली. "पोरी, पाणी काय, कोणीही मारेल. आधी ही काठी चालव. कुडाला झटक, त्याच्या पोटातली धूळ बाहेर काढ, मग पाणी शिंप. धुळीवर पाणी पडलं की काय होतं?"

"चिखल."

"आणि चिखल वाळला की?"

"भिंत."

"मग? खिडकीची भिंत करायला आणलंय का तुला ह्या घरात?"

साहेबजान तोंडाला पदर लावून हसली. काठी माझ्या शेजारच्या खुंटीला अडकवली गेली. मित्रांनो, ही काठी लक्षात ठेवा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

त्याच उन्हाळ्यात मेहराब जन्मला. आमच्याकडे बाळ आणि बाळंतीण पहिले चाळीस दिवस घराबाहेर पडत नाहीत, आणि ह्या घरात ते दिवस माझ्या खोलीतच काढायचे. साहेबजान बाळाला इस्फंदच्या बियांची धुरी द्यायची, दृष्ट काढायची, आणि मी आपला गार वारा घालत बसायचो. तेव्हा हामून काठोकाठ भरलेलं असे. वारा कोसभर पाण्यावरून चालत यायचा, तो धुतलेल्या तोंडानंच. त्याच्यात धूळ ती किती असणार? काठीची गरज सहसा पडेना. हळूहळू त्या खुंटीवर साहेबजानच्या चादरी टांगल्या जाऊ लागल्या आणि काठी त्यांच्याखाली दिसेनाशी झाली.

काटे माझे दर वसंतात नवे भरत, चौकट तीच. गावाबाहेरच्या उंचवट्यावर सरोवराकाठी उगवणाऱ्या बोरूच्या झापांची पवनचक्की होती, ती गहू दळायची. तिचे झाप शाहमुरादच विणायचा. तिच्यात आणि माझ्यात एकच वारा वाटून घेतलेला होता. ती पीठ द्यायची, मी झोप द्यायचो. आमचं बरं चाललं होतं.

मग गावात वीज आली. शेजारचा बरातअली शहरातून पत्र्याचा कूलर घेऊन आला आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"शाहमुरादभाई, काट्यांत राहायला तुम्ही काय साळिंदरं आहात? टाका काढून ही अडगळ."

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरीही कूलर आला. त्याच्या पोटात काय होतं ठाऊक आहे? वाळकं गवत! म्हणजे माझ्याच कुळातला, फक्त अंगात पत्र्याचा सदरा घातलेला. मला हसूही आलं आणि रागही आला. खोली बंद झाली. माझ्या अंगात कोंबड्यांनी अंडी घातली. तंदूर पेटवायला काही हाती लागलं नाही की येणाराजाणारा माझ्यातलेच चार काटे उपसायचा. शाहमुराद वारला त्या वर्षी तर मी नुसता सांगाडा उरलो होतो. त्याला न्यायला आलेल्या माणसांनी शव ठेवलेला ताबूत माझ्या चौकटीला टेकवून ठेवला होता, एवढीच आमची शेवटची भेट.

त्यानंतर हामून आटलं. वरून येणारी नदी आटली, पाऊसही रुसला. आधी मासे गेले, मग बदकं गेली, मग बोरू वाळला, मग गुरं. पवनचक्की तर केव्हाच कोसळली होती. माणसं एकेक करून दूर उत्तरेला गुर्गानकडे निघाली, तिकडे पाऊस पडतो म्हणून. वारा मात्र कुठे गेला नाही. तो तसाच येत राहिला, पण आता त्याच्या वाटेत पाणी नव्हतं. सरोवराचा वाळलेला तळ खरवडून तो घेऊन यायचा. बरातअलीच्या कूलरची मोटर धुळीनं जळाली, आमचीही जळाली, आणि वारा चढला की वीज हमखास जायची. बरातअली निरोप घ्यायला आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच शहाणा निघालास रे, काटेवाल्या." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू!

आता साहेबजान म्हातारी झाली होती. सगळे तिला बीबी म्हणत. मेहराबचं लग्न उशिरा झालं, आणि त्याची बायको गुलअंदाम हिला बऱ्याच नवसांनंतर दिवस गेले. बाळंतपण नेमकं भर उन्हाळ्यात येणार होतं. गुलअंदामचं म्हणणं, आपण आत्ताच गुर्गानला माझ्या भावाकडे जाऊ. बीबीचं म्हणणं, पोटुशी बाई एवढा प्रवास कशी करणार, आणि ह्या घरातलं प्रत्येक मूल त्या खोलीतच वाढलंय.

"चाळीस दिवस तेवढे इथे निघू देत," बीबी म्हणाली. "मग खुशाल जा. मी अडवणार नाही."

"आणि ह्या धुळीत पोर चाळीस दिवस तगलं नाही तर?" गुलअंदामनं सरळच विचारलं.

बीबीनं कानांवर हात ठेवले. "असलं अभद्र बोलू नये गं बाई!" मग मेहराबकडे वळून म्हणाली, "जवासा आण. कूड भरू."

मेहराबनं मला नव्यानं भरलं. बापासारखाच रक्ताळला, पण कुरकुरला नाही. तो हाताचा कसबी होता. पाणी दूरवरून टँकरनं यायचं आणि हौदात साठवलं जायचं. उन्हातान्हात बाहेर उभं राहून माझ्यावर पाणी मारायला घरात माणसं कुठे होती? मग त्याला एक युक्ती सुचली. कोसळलेल्या पवनचक्कीचा खांब त्यानं छपरावर उभा केला, कुठूनसा मिळवलेला शेवटचा बोरू विणून त्याला झाप बांधले, आणि खाली भंगारातल्या गाडीचा डायनामो जोडला. वारा आला की चाक फिरायचं, चाक फिरलं की वीज व्हायची. त्या विजेवर खोलीत एक दिवा लागायचा आणि हौदातला एक छोटा पंप चालायचा. पंपाच्या नळीतून पाणी थेट माझ्या डोक्यावर. वारा जितका जोरात, तितकं पाणी जास्त. ना सरकारी तारेची गरज, ना डिझेलची. बोरू आणि काटे, बस्स.

मी तर चाट पडलो. गावातली उरलीसुरली माणसं बघायला आली. शहरातून शिकलेली काही मंडळी गाडी करून आली, त्यांनी माझे फोटो काढले. झाडापाल्याच्या साहित्यातून गारवाही मिळतो आणि वीजही, हे जगाला दाखवायला हवं, असं म्हणाली. त्यांच्यातल्या एका बाईंनी माझ्यावर वाकून विचारलं, "छानच आहे हो. पण हे साफ कसं करता?"

"साफ कशाला करायचं?" मेहराब म्हणाला. "पाणी सतत पडतंय ना वरून. आपोआप धुतलं जातं."

चहाचा ट्रे घेऊन बीबी दारातच उभी होती. तिनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होतो, तिला काठी आठवली होती हे मला स्पष्ट दिसलं. पण पाहुण्यांसमोर लेकाचं कौतुक चाललेलं, त्याचा चेहरा कधी नव्हे तो उजळलेला. आई कशी मध्ये बोलेल? तिनं साखरेचे खडे पुढे केले आणि म्हणाली, "घ्या ना, चहा गार होतोय."

काही दिवसांनी मुलगी झाली. चिमुकली, काळ्याभोर जावळाची. नाव ठेवलं माहरुख. तिला माझ्यापासून दोन हातांवर पाळण्यात ठेवलं. बाहेर लाही होत होती आणि आत ती मूठ तोंडात घालून गाढ झोपलेली असायची. मित्रांनो, इतक्या वर्षांच्या हेळसांडीनंतर असं काम मिळालं की कसं वाटतं, ते सांगता येत नाही. मी सुखावलो होतो. फक्त पोटात थोडं जड वाटायचं. रोज थोडी धूळ यायची, रोज थोडं पाणी पडायचं, आणि ते माझ्यातच बसायचं. मला खोकता आलं असतं तर खोकलो असतो.

माहरुखचे चाळीस दिवस सरायला थोडेच उरले होते. गुलअंदामनं गाठोडी बांधायला घेतली होती. त्या सकाळी हौद अर्ध्यावर आला म्हणून मेहराब टँकर आणायला शहरात गेला, आणि दुपारी वावटळ उठली. वावटळ कसली, सगळा हामूनचा तळच उठून आला. भर दुपारी काळोख झाला. दोघी बायकांनी दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि बाळाला घेऊन माझ्या खोलीत बसल्या. सरकारी वीज गेली. छपरावर चाक गरगरायला लागलं, दिवा लखलखला, आणि माझ्या डोक्यावर पाण्याची धार सुटली.

सुरुवातीला झकास गारवा आला. "बघितलंस?" बीबी म्हणाली. "ह्या खोलीला तोड नाही."

पण बाहेरून धूळ आदळत होती आणि वरून पाणी. जितका वारा, तितकी धूळ. जितका वारा, तितकंच पाणी. माझ्या काट्याकाट्यात चिखल भरत गेला. मी ओरडत होतो, पंप बंद करा, पाणी नको, काठी घ्या! कुडाचं कोण ऐकतं? थोड्या वेळानं माझ्यातून वाऱ्याची एक झुळूकही आत जाईना. खोली तापायला लागली.

"वारा पडला वाटतं," गुलअंदाम म्हणाली. तिचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. बाळ आधी किरकिरलं, मग किरकिरायचंही थांबलं. ते नुसतं तोंड उघडं टाकून धापा टाकत होतं.

बीबीनं दिव्याकडे बघितलं. दिवा डोळे दिपवत होता. "वारा पडलाय तर हा एवढा का पेटलाय?" ती हळूच म्हणाली. आणि मग उठून तिनं माझ्यावर तळहात ठेवला. काट्यांची पर्वा न करता, सरळ तळहात. हाताला काटे लागलेच नाहीत. गुळगुळीत ओली माती लागली.

"या अली! भिंत झाली गं. मी भिंत करून ठेवली!"

तिनं पंपाची तार ओढून तोडली. पण तोवर हौद उपसून झाला होता, पंप नुसता गुरगुरत होता. गुलअंदामनं दार किलकिलं केलं, तर अंगणातली धूळ लोटच्या लोट आत आली आणि बाळाला ठसका लागला. तिनं रडतच दार लावलं. बीबीनं खुंटीवरच्या चादरी खाली ओढल्या, त्यांच्याखालची काठी घेतली आणि मला झोडपायला लागली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला मार हवा होता. पण माझ्यावर आता वीतभर चिखल थापला गेला होता. काठी त्यात रुतायची, बाहेर काही पडायचं नाही.

तिनं काठी टाकली आणि हातच घातले. ज्या हातांनी माझी पहिली जुळणी करताना नवऱ्याच्या बोटाला चिंधी बांधली होती, त्याच हातांनी ती मला उपसत होती. काटे तिच्या नखांखाली गेले. मला ते मागे घेता येत नव्हते, ह्याइतकं वाईट मला कधीच वाटलं नाही. तंदूरच्या तोंडाएवढं भोक पडलं, आणि वारा आत घुसला, धुळीसकट.

"बीबी, धूळ! पोर गुदमरेल!"

"ओरडू नकोस. पोरीला त्या कोपऱ्यात जमिनीलगत धर, तुझा पदर तिच्यावर घे. प्यायचं पाणी कुठाय?"

माठात थोडंच पाणी उरलं होतं. बीबीनं ते चादरीवर ओतलं, ओली चादर भोकावर ताणून धरली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. चादरीतून गाळलेला वारा कोपऱ्यापर्यंत जायचा. चादर मळली की ती खाली घ्यायची, जोरात झटकायची आणि पुन्हा लावायची. झटकताना सगळी धूळ तिच्याच तोंडावर. पुन्हा ओली करायला पाणी नव्हतं. तरी ती झटकत राहिली, लावत राहिली. जे काम माझं, ते त्या म्हाताऱ्या बाईनं संध्याकाळपर्यंत उभ्यानं केलं.

मेहराब वाळूनं भरलेल्या रस्त्यावरून कसाबसा पोचला तेव्हा वारा ओसरला होता. त्यानं दार ढकललं. कोपऱ्यात गुलअंदाम बाळाला पाजत होती. बाळ पीत होतं. बीबी माझ्या चौकटीला धरून उभी होती, तिचा चेहरा मातीनं लिंपलेला, डोळे तेवढे दिसत होते.

"आई, हात बघू तुझे," तो म्हणाला.

"हातांचं राहू दे. पोर बघ, पितंय." मग तिला खोकला आला. तो खोकला पुढे थांबलाच नाही.

शहरातल्या दवाखान्यात तिला दोनदा नेलं. दुसऱ्यांदा ती परत आली नाही. माहरुखचे चाळीस दिवस पुरे झाले ते बीबीच्या आजारपणात, कोणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावरही चाळीस दिवस पाळतात. गाठोडी बांधून ठेवलेली, तरी गुलअंदाम म्हणाली, "बीबीचे चाळीस झाल्याशिवाय मी हलणार नाही." जी बाई जायची घाई करत होती, तीच थांबली. बीबीनं माहरुखसाठी चाळीस दिवस मागितले होते, आणि आता ही तिला ते परत देत होती.

निघायच्या सकाळी मेहराब एकटाच खोलीत आला. बाहेर गाडी उभी होती, गुलअंदाम बाळाला घेऊन बसली होती. त्यानं खाली पडलेली काठी उचलली आणि मला झटकायला लागला. आधी हळू, मग जोरजोरात. वाळलेल्या चिखलाचे पोपडे ढासळत होते आणि तो रडत होता. "का नाही बोललीस? त्या दिवशी का नाही बोललीस, आई? चहा कसला देत बसलीस!" मला झटकत होता की मारत होता, ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

शेवटी भोकाभोवतीच्या काट्यांतूनही पुन्हा वाट झाली. उत्तरेचा वारा माझ्यातून आत गेला, अगदी पहिल्यासारखा, आणि रिकाम्या खोलीत फिरून आला. पाळण्याची दोरी तेवढी हलली. मेहराबनं काठी पुसली आणि सोबत घेऊन गेला. गुर्गानात पाऊस असतो, तिथे त्या काठीचं काय काम, कोण जाणे.

आता मी एकटाच आहे. छपरावर चाक अजून फिरतं, दिवाही लागतो, बघायला कोणी नाही. पण मित्रांनो, ऊन तुमच्याकडेही वाढतंय असं वाऱ्याकडून ऐकतो. उद्या तुमच्यातलंच कोणीतरी माझ्यासारखा कूड बांधेल, बोरूचं चाक लावेल, लोक येऊन फोटो काढतील. जरूर बांधा. आम्ही काटे, गवत, बोरू कोणाच्या वाईटावर नसतो. पण शेजारी एक खुंटी ठोका आणि तिला काठी अडकवा. तिच्यावर कपडे टांगू नका. आणि एखादी म्हातारी काही सांगायला तोंड उघडेल, तेव्हा तिच्या हातातला चहाचा ट्रे आधी काढून घ्या.